१८ वाडगे, ७ तडे: एका राकू भट्टीची पूर्वतयारी

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी स्टुडिओ दिवसभर सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा आणि आलेल्या लोकांसमोर राकूची भट्टी लावायची, असं आम्ही नोव्हेंबरात ठरवलं. राकू म्हणजे भांडं लालबुंद असतानाच भट्टीतून बाहेर काढायची रीत; आम्ही ते मग भुशाच्या डब्यात घालून धुरावतो. स्टुडिओ पुण्याच्या पश्चिमेला, पानशेतच्या वाटेवर आहे. पत्र्याची शेड, दोन चाकं, एक छोटी विजेची भट्टी आणि मागे उतारावर मोकळी जागा, एवढाच पसारा. बेत असा होता की येणाऱ्या प्रत्येकाने आम्ही आधी भाजून ठेवलेला एक वाडगा उचलायचा, त्याला ग्लेझ (भट्टीत वितळून काचेसारखा थर होणारा लेप) लावायचं, तो भट्टीतून लालबुंद होऊन बाहेर पडताना पाहायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा. डिसेंबर संपेपर्यंत ४८ नावं आली होती.

कार्यक्रमाच्या १३ दिवस आधी, एका रविवारी, तालीम म्हणून आम्ही १८ वाडगे भाजले. त्यातले ७ तडकले.

हे लिखाण त्या सात वाडग्यांबद्दल आहे. तडे का गेले, ते कसं कळलं आणि कळल्यावर काय काय बदलावं लागलं, ते सगळं क्रमाने मांडते.

भट्टी आणि भांडी

राकूची भट्टी म्हणजे आमच्याकडे २०० लिटरचं लोखंडी पिंप. त्याला आतून सिरॅमिक फायबरचे २५ मिलिमीटरचे दोन थर, खाली बर्नरसाठी भोक, वर झाकण आणि झाकणात धुराडं. एका वेळी सहा वाडगे बसतात. इंधन एलपीजी, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. तापमान बघायला के-टाइप थर्मोकपल.

वाडग्यांच्या मातीत साधारण चौथा हिस्सा ग्रॉग होता. ग्रॉग म्हणजे भाजलेल्या मातीचा भरडा. तो एकदा आग पाहून आलेला असल्यामुळे पुन्हा फारसा आकसत नाही आणि मातीचं अंग मोकळं ठेवतो. राकूत भांडं हजार अंशांच्या आसपास तापलेलं असताना चिमट्याने उचलून उघड्या हवेत आणायचं असतं. घट्ट, काचेसारख्या अंगाचं भांडं हा धक्का सोसत नाही. म्हणूनच पहिलं भाजणं, म्हणजे बिस्क, आम्ही ९५० अंशांवर थांबवलं होतं. तिथे माती पक्की होते पण सच्छिद्र राहते.

ही सच्छिद्रता धक्क्यापासून वाचवते, आणि तीच पाणीही पिऊन बसते. त्या रविवारी मला यातली पहिलीच गोष्ट आठवत होती.

लोकांसमोर राकू का, असं नोंदणीच्या वेळी अनेकांनी विचारलं. राकूचा जन्म सोळाव्या शतकातल्या, जपानमधल्या क्योतोचा. कौलं घडवणाऱ्या घरातला म्हणून ओळखला जाणारा चोजिरो आणि चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्या जोडीतून हाताने घडवलेले काळे-लाल चहाचे वाडगे आले. ती घराण्याची परंपरा अजून चालू आहे, २०१९ साली सोळाव्या पिढीने सूत्रं घेतली. तिथे धुराच्या डब्यांचा मात्र संबंध नाही. वाडगा भट्टीतून काढतात आणि निवू देतात. पुढे १९११ साली टोकियोतल्या एका मेजवानीत पाहुण्यांना रंगवायला तयार भांडी दिली गेली आणि ती तिथेच राकू भट्टीत भाजली गेली. त्या पाहुण्यांत बर्नार्ड लीच नावाचा चोवीस वर्षांचा इंग्रज चित्रकार होता. त्या दिवसानंतर तो मातीकडे वळला आणि इंग्लंडच्या स्टुडिओ पॉटरीचा, म्हणजे कलावंताने स्वतःच्या छोट्या कार्यशाळेत घडवलेल्या भांड्यांच्या कलेचा, पाया त्यानेच घातला. १९६० साली कॅलिफोर्नियात पॉल सोल्डनर हे अमेरिकी कुंभार-कलावंत एका कलामेळ्यात राकूचं प्रात्यक्षिक देत होते. तिथे त्यांनी गरम भांडं झाडाच्या पानांत घालून धुरावलं. आज आपण राकू म्हणून जे पाहतो, तो जळता भुसा, तो काळा धूर, ती तांब्याची झळाळी, ते सगळं तिथून पुढचं.

म्हणजे राकूच्या या पुढच्या प्रवासातली दोन मोठी वळणं लोकांच्या घोळक्यातच आली. म्हणून मला हा कार्यक्रम मनापासून करायचा होता. पण टोकियोतल्या पाहुण्यांसाठी कुणीतरी आधी भांडी घडवून, भाजून, वाळवून ठेवली असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं.

तालमीचा दिवस

तीन खेपा केल्या, सहा-सहा वाडग्यांच्या. पहिली खेप थंड भट्टीत भरली आणि आच हळूहळू वाढवली. एक वाडगा तडकला. दुसरी खेप लगेच, भट्टी पाचशे अंशांवर असताना भरली. तीन तडकले. तिसरी सहाशेवर. पुन्हा तीन.

त्यातच तिसऱ्या खेपेत पारा ८७० वर अडला आणि हलेना. भाच्याने सिलिंडरला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, यावर दव जमलंय. बर्फच आहे जवळजवळ." सिलिंडरमधला द्रव वायू होताना स्वतःची उष्णता खर्च करतो. जानेवारीची थंडी आणि एकाच सिलिंडरवर मोठा बर्नर, त्यामुळे आतला दाब पडत गेला होता. ही अडचण सोडवायला सोपी होती. पुढच्या वेळी दोन सिलिंडर एका जोडनळीवर समांतर लावले आणि साध्या पाण्याच्या घमेल्यांत उभे केले. गरम पाणी नाही, आणि ज्योत तर सिलिंडरच्या आसपासही फिरकू द्यायची नाही. सिलिंडर आडवाही करायचा नाही, कारण मग बर्नरकडे वायूऐवजी द्रव येतो.

तड्यांचं मात्र उत्तर माझ्याकडे लगेच तयार होतं. दुपारी वारा सुटला होता, भट्टीतून डब्यापर्यंत नेताना वाडग्यांना गार झोत लागला, म्हणून तडे गेले. भाच्यालाही पटलं. आम्ही वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करायचा बेतही केला.

तड्याची कड

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडगे घासून काजळी काढली आणि टेबलावर रांगेत मांडले. आपल्याकडे गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तेरच्या या कुंभाराने संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्का नि कोण कच्चा ते सांगितलं. कुंभार खरंच असा ऐकतो. धडधाकट भांडं खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. मीही एकेक वाजवत गेले. सात बद्द.

मग तड्यांवरून नख फिरवलं, आणि तिथे माझं वाऱ्याचं उत्तर मोडलं. सातपैकी पाच वाडग्यांत तड्याच्या दोन्ही कडांवर ग्लेझ गोलसर होऊन आत ओघळलं होतं. उरलेल्या दोघांत कड धारदार होती, काच फुटल्यासारखी.

भांडं बाहेर काढल्यावर तडा गेला तर ग्लेझ तोवर घट्ट होत आलेलं असतं. ते तडकतं आणि कड नखाला धारदार लागते. तडा आधी गेला असेल, भांडं तापत असताना, तर ग्लेझ नंतर वितळतं आणि तड्याच्या कडा गुळगुळीत करून टाकतं. म्हणजे पाच वाडगे वाऱ्याची झुळूक लागण्याच्या कितीतरी आधी, बंद भट्टीतच गेले होते. आम्ही बाहेर पत्रा उभा करायला निघालो होतो आणि दोष आतला होता.

पाचही वाडगे दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेतले होते. पहिल्या खेपेतला एकमेव तडा धारदार होता.

शेजारच्या गावातले आबा त्या दिवशी भुशाची पोती घेऊन आले होते. त्यांच्या घरी पिढीजात कुंभारकाम. मडकी, चुली, पणत्या करतात आणि तूस नि गोवऱ्या लावून आव्यात भाजतात. ग्लेझ त्यांच्या कामात नाही. न भाजलेले, ग्लेझ लावून ठेवलेले काही वाडगे शेडमध्ये फळीवर होते. आबांनी त्यातला एक उचलला, गालाला लावला आणि खाली ठेवला. "हा ओला आहे, ताई."

मला तो ओला वाटेना. ग्लेझ कोरडं, पांढरं, हाताला पावडर लागत होती. "वरून वाळलाय," आबा म्हणाले, "अंगात गार आहे. आम्ही असा आव्यात घालत नाही, फुटतो."

गालाला गार लागतं ते आत पाणी असेल तर, कारण ते हळूहळू उडत असतं. मी स्वयंपाकाचा काटा आणला. तो वाडगा ६४० ग्रॅम भरला. विजेच्या भट्टीत १२० अंशांवर दीड तास ठेवून पुन्हा तोलला, तर ६१२. डोळ्यांना कोरड्या दिसणाऱ्या वाडग्यात २८ ग्रॅम पाणी होतं. थोडं ग्लेझमधून बिस्कने प्यायलेलं, थोडं बहुधा रात्रीच्या दवाचं, कारण शेडला एका बाजूला भिंतच नाही.

पहिल्या खेपेला भट्टी थंड होती, म्हणून ते पाणी सावकाश निघून गेलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मी तेच ओले वाडगे पाचशे-सहाशे अंशांत ठेवले. पाण्याची एकदम वाफ झाली. शिवाय ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झचे कण अचानक फुगतात. वाडग्याचं बाहेरचं अंग तो टप्पा झटक्यात ओलांडतं आणि आतलं मागे राहतं. एकाच भिंतीत दोन ओढी लागल्या की ती फाटते.

पुन्हा १८

वाफ दोषी की झटका, की दोन्ही, हे वेगळं करून बघायला आणखी १८ वाडगे खर्ची घातले. भाच्याला ते जिवावर आलं होतं, आणि मलाही. कार्यक्रमासाठी ठेवलेल्या साठ्यातलेच होते ते.

वाळवलेले सहा, भट्टी पाचशेवर असताना आत घातले: एक तडकला. न वाळवलेले सहा, तसेच पाचशेवर: तीन. वाळवलेले सहा, आणि झाकण उघडून भट्टी अडीचशेच्या खाली उतरेपर्यंत थांबून, मग सहाशेपर्यंत हळू आच: एकही नाही.

सहा-सहा वाडग्यांवरून नियम बांधता येत नाही हे मला मान्य आहे. पण तड्यांच्या कडा, काट्यावरचं वजन आणि हे तीन आकडे एकाच दिशेला बोट दाखवत होते. तेवढ्यावर मी निर्णय घेतला. वाळवणं आणि थांबणं, दोन्ही करायचं.

हिशोब बसेना

खरी अडचण इथे सुरू झाली. भट्टी अडीचशेपर्यंत उतरू द्यायची, मग सावकाश चढवायची, ग्लेझ वितळून शांत होईपर्यंत थांबायचं आणि सहा वाडगे एकेक करून काढायचे, म्हणजे एका खेपेला दीड तास. सकाळी ११ ला सुरू केलं तर अंधार पडेपर्यंत पाच खेपा. पाच साहे तीस. नावं ४८.

मोहाच्या वाटा तीन होत्या. एक, भट्टीत फळी घालून दोन मजले करायचे. तसं केलं तर खालच्या आणि वरच्या वाडग्यांचं तापमान जुळत नाही, आणि वरचे काढेपर्यंत खालचे निवतात. दोन, दुसरी भट्टी उसनी आणायची. पण तिची रीत समजून घ्यायला आठवडा पुरणार नव्हता आणि दोन आगींकडे बघायला माणसं नव्हती. तीन, थांबण्याचा वेळ थोडा कापायचा. सगळ्यात सोपी वाट हीच होती, आणि तिथेच मी स्वतःला अडवलं. तालमीत कुणी बघत नसताना आम्ही घाई केली होती. पन्नास माणसं घड्याळाकडे बघत असताना किती केली असती?

शेवटी माणसं तीच ठेवली आणि वाडगे कमी केले. दोघांत एक वाडगा, एकूण २४, चार खेपा. पहिली खेप आमच्या स्वतःच्या सहा वाडग्यांची, दाखवण्यासाठी. ज्यांना प्रत्येकी वाडगा हवाच असेल त्यांचा पुढच्या शनिवारी भाजून द्यायचा.

मग मी फोन करायला बसले. संदेश पाठवून मोकळं व्हावंसं वाटलं होतं, पण शब्द मी दिला होता. एक बाई म्हणाल्या, "अहो ताई, मुलांना दोन वाडगे म्हणून सांगून ठेवलंय मी." त्यांना तड्यांची सगळी हकिगत सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, मग दोघं मिळून एक करतील. भांडतील, पण करतील." पाच जणांनी नाव काढून घेतलं. एका गृहस्थांचा राग फोन ठेवेपर्यंत उतरला नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भट्टीची तालीम न घेता मी नोंदणी उघडली होती.

जागा, धूर, कपडे

जानेवारीत आमच्या उताराचं गवत पार वाळलेलं असतं आणि वणव्याचे दिवस सुरू झालेले असतात. भट्टी आणि धुराच्या डब्यांभोवतीचं पाच मीटरपर्यंतचं गवत मुळापासून काढलं आणि शनिवारी सकाळी जमीन भिजवली. लोकांसाठी चार मीटरवर दोरी. पाण्याच्या बादल्या, वाळूच्या बादल्या, आणि चिमटा धरणाऱ्या दोघांना चामड्याचे लांब हातमोजे नि तोंडावर ढाल. सगळ्यांना आधीच कळवलं होतं की सुती कपडे घाला. सिंथेटिक ओढणीला एक ठिणगी पुरते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचं. शेजारच्या दोन घरांना आदल्या दिवशी जाऊन सांगून आलो, म्हणजे वाळत घातलेले कपडे त्यांनी आत घेतले.

भुसा लाकडाच्या वखारीतूनच घेतला. प्लायवूडचा भुसा फुकट मिळत होता, पण त्यातल्या चिकट रसायनांचा धूर मुलांच्या नाकात घालायचा नव्हता.

आणि एक पाटी दारातच लावली: या वाडग्यांतून खाऊ-पिऊ नका. माती सच्छिद्र, ग्लेझला भेगा, आणि काहींत तांबं. चहाच्या वाडग्यांवरून जन्मलेल्या कलेबद्दल असं लिहिताना वाईट वाटतं, पण आमच्या पद्धतीचे वाडगे शोभेचेच.

दाराशेजारच्या टेबलावर ते सात तडकलेले वाडगे मांडले, नख फिरवून बघता येतील असे. सोबत कडांविषयी चार ओळी.

शनिवार

सगळ्यांनी साडेनऊ ते साडेदहात ग्लेझ लावून घेतलं. ग्लेझ दोनच ठेवली होती, पांढरं भेगांचं आणि तांब्याचं. दोघांना डब्यात घालण्याची वेळ वेगळी, म्हणून खेपाही वेगळ्या. पांढरा वाडगा हवेत काही क्षण धरायचा, ग्लेझ टिकटिक वाजू लागलं की भुशात घालायचा, म्हणजे धूर भेगांत शिरून काळं जाळं उमटतं. तांब्याचा मात्र एक क्षणही हवेत ठेवायचा नाही. डबा लगेच बंद करायचा, आणि गरम असताना उघडून बघण्याची उत्सुकता आवरायची, कारण हवा लागली की तांब्याची झळाळी परत हिरवी पडते.

वाडगे विजेच्या भट्टीत १२० अंशांवर वाळवले. वीस मिनिटांच्या अंतराने दोनदा तोलायचे, आकडा तोच आला तर कोरडा. वजनं लिहायचं काम मुलांनी आमच्याकडून काढूनच घेतलं.

पहिल्या तीन खेपा वेळेवर झाल्या. साडेतीनची, पांढऱ्या वाडग्यांची खेप रेंगाळली. पाच वाजत आले, थर्मोकपल ९६० दाखवत होतं, लोक दोरीशी जमले होते, फोन वर झाले होते. भाचा झाकणाच्या भोकातून बघून म्हणाला, "अजून खडबडीत दिसतंय." मीही पाहिलं. ग्लेझवर बुडबुडे होते. ते बसून पृष्ठभाग तुपासारखा तरळायला हवा, तो तरळत नव्हता. मी लोकांना सांगितलं, अजून झालं नाही, थांबावं लागेल. वीस मिनिटं थांबलो. कुणी कुरकुर केली नाही. एका आजोबांनी मुलांना सकाळी वाचलेला तड्यांचा कागद समजावून सांगायला घेतला.

त्या वीस मिनिटांमुळे शेवटची खेप सूर्य डोंगराआड गेल्यावर निघाली. दुपारच्या उन्हात फिका तांबूस दिसणारा वाडगा संधिप्रकाशात अंगारासारखा दिसला. पुढच्या वेळी मी शेवटची खेप मुद्दाम तिथेच ठेवणार आहे.

निकाल

लोकांच्या २४ पैकी एक वाडगा तडकला. आमच्या सहांपैकी एकाचा काठ चिमट्यात तुटला. एक ठिणगी भिजवलेल्या जमिनीच्या पलीकडे उडाली, ती बादलीवाल्याने लगेच विझवली.

तडकलेला वाडगा सातवीतल्या एका मुलीचा आणि तिच्या बाबांचा होता. मी दुसरा देऊ केला. तिने आधी तड्यावरून नख फिरवलं, मग टेबलावरच्या सात वाडग्यांकडे गेली, दोन-तीन तपासून परत आली आणि म्हणाली, "याला धार आहे. म्हणजे बाहेर आल्यावर गेला ना?" तिचं बरोबर होतं. तो वाडगा मी तिच्याकडून मागून घेतला. त्या बदल्यात पुढच्या शनिवारी तिचा दुसरा भाजून दिला.

मला तो हवा होता कारण धारदार कडेचे आता तीन वाडगे झाले होते, तालमीतले दोन आणि हा. तिघांचाही तडा तळाच्या कड्यापासून सुरू होऊन वर गेला होता. तिन्ही आडवे कापले. भिंत सहा मिलिमीटर, तळ मात्र चौदा. बाहेर काढल्यावर भिंत लवकर निवते आणि जाड तळ मागे राहतो. वाळवून किंवा भट्टी सावकाश चढवून हा दोष जाणार नाही, तो चाकावरच घालवायला हवा.

मार्चच्या भट्टीसाठी १२ वाडगे नव्याने घेतले आहेत. तळ छिलून सातवर आणलाय. सध्या ते शेडच्या भिंतीकडच्या फळीवर सुकताहेत, आणि आबा येतील तेव्हा त्यांना एक गालाला लावून बघायला सांगणार आहे.